मंदाची पट्टी कुणी सोडलीच नाही

मंदा, आपल्याकडच्या त्या डॉक्टरने तुझा हात नीट बघितलाच नाही. आणि त्याच्याच दवाखान्यात कुणीतरी तुझ्या केसपेपरवर एक खोटी ओळ घुसडून दोष माझ्यावर ढकलला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी आडवळणाने बोलायला लागले की तू म्हणायचीस तसं म्हणशील, "जाऊबाय, मुद्द्यावर ये गो, बर्फ वितळतोय."

तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. बारावं झालं, पाहुणे गेले. मी मात्र घाबरलेली आहे. तुझ्या थोरल्या जावेला भीती वाटते हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. एसटीच्या कंडक्टरला मी कधी घाबरले नाही, बर्फाच्या कारखानदाराला नाही, दारू पिऊन बंदरावर लिलाव मोडायला येणाऱ्यांनाही नाही. आणि परवा कोळंबीच्या डोक्याचा काटा अंगठ्यात टोचला, तर मी सगळं टाकून उठले. अंगठा साबणाने धुतला, लाल झालं होतं त्याच्याभोवती पेनाने रेघ काढली आणि दिवसभर बघत राहिले, लाली रेघेबाहेर जाते का. गेली नाही. तरी रात्री उठून पुन्हा बघितलं.

ही पेनाची रेघ मी पनवेलच्या नर्सकडून शिकले. तुला तिथे नेलं तेव्हा तिने सगळ्यात आधी ते केलं. तुझ्या दंडावर रेघ मारली, बाजूला वेळ लिहिली. तासाभरात लाली रेघ ओलांडून चार बोटं वर चढली होती. त्याला ना यंत्र लागलं, ना वीज. एक पेन लागलं. आपल्याकडच्या दवाखान्यात दोन दिवसांत तेवढंही कुणी केलं नाही.

तुला आठवतं, आपण दोघींनी धंदा सुरू केला तेव्हा डोक्यावर एकेक पाटी होती आणि रोह्याची पहिली एसटी. कंडक्टर म्हणायचा, वास येतो, पाटी चढवायची नाही. मी त्याच्याशी भांडून भांडून गाडी दहा मिनिटं थांबवून ठेवली होती. तू पुढे झालीस आणि म्हणालीस, "दादा, वास मासळीचा न्हाय, आमच्या जाऊबायच्या तोंडाचा हाय. तिला खाली उतरव, पाटी र्‍हाऊ दे." अख्खी गाडी हसली, तोही हसला, आणि आपण दोघी पाट्यांसकट चढलो. मला त्या दिवशी तुझा राग आला होता. पुढे टेम्पो आला, बर्फाच्या पेट्या आल्या, लॉजवाल्यांना माल जायला लागला, तरी तो राग मी जपून ठेवला होता. माझ्या भांडणाने जे होत नाही ते तुझ्या एका वाक्याने होतं, हे मला कधी पचलं नाही. तुला हे कधी सांगितलंही नाही.

सोमवारी सकाळी माल निवडताना तुझ्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या बुडाशी, शिंगाळा माशाचा काटा लागला. मी रबरी हातमोजे आणून दिले होते, ते खुंटीवर तसेच लटकत होते. "मोजे घातले की हाताला मासळी कळत न्हाय," हे तुझं नेहमीचं. यावर आपलं भांडण वर्षभर चालू होतं. तू हात गरम पाण्यात धरलास, हळद लावलीस, दुपारपर्यंत सुजून मनगट दिसेनासं झालं. मी रिक्षा बोलावली.

दवाखान्यात आपण दोन तास बसलो. आपल्यामागून मोटारीतून आलेली माणसं आत गेली, बाहेर आली, निघूनही गेली. मग माझं डोकं फिरलं. काउंटरवरच्या मुलीला मी जे बोलले ते आत ऐकू गेलं असणार, कारण डॉक्टर स्वतः दारात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, हा मासळीबाजार नाही." लोक हसले. तू मान खाली घातलीस. मी आणखी चढले, तू माझा पदर ओढत राहिलीस.

आत त्याने खुर्ची सोडली नाही.

"काय लागलं?"

"शिंगाळ्याचा काटा," तू म्हणालीस.

"तुम्हाला रोजचंच ते. दहापैकी किती दुखतं? दहा म्हणजे अजिबात सहन न होणारं."

तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मी बंदरावर हजारदा बघितली आहे. होडीवाला भाव विचारतो तेव्हा तू तशी बघायचीस, आणि मग अर्ध्याहून खाली आकडा सांगायचीस.

"चार," तू म्हणालीस.

त्याने ते लिहिलं. कंपाउंडरने हात पुसला, मलम लावलं, मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी बांधली. एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या. रिक्षात मी तुला विचारलं, "खरं किती दुखतंय गो?" तू डोळे मिटून म्हणालीस, "नऊ. पण पयला आकडा कमीच सांगायचा, तूच शिकवलंस ना? दहा सांगितलं असतं तर त्याने खाटेवर झोपवून बिल फाडलं असतं." आणि आपण हसलो. मंदा, आपण दोघी त्या रिक्षात हसलो. रिक्षावालाही वळून बघायला लागला.

त्या हसण्याने माझी झोप नेली आहे. डॉक्टरने दुखणं विचारलं आणि आपण त्याला भाव समजलो. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. चाळीस वर्षं दुसऱ्याला आपली निकड दाखवायची नाही हे मी तुला शिकवलं आणि तू ते चांगलं शिकलीस. हे मी कबूल करते. पण माझ्याकडे चार पापलेटं घ्यायला आलेली बाईसुद्धा माझ्या शब्दावर भरवसा ठेवत नाही. ती कल्ला उचलून आत लाल आहे का बघते, मग बोलते. या डॉक्टरने तर तुझा आकडा ऐकला आणि लिहून घेतला. हात उचलून बघितला नाही. साखर तपासली नाही. तुला साखर होती, ती कधीची होती देव जाणे, ती पनवेलला एका थेंबात कळली.

मंगळवारी सूज कोपरापर्यंत गेली होती. अंग तापलेलं, रिक्षात तुला उलटी झाली. निघण्याआधी तू मला देवघरासमोर उभं करून शपथ घातलीस. "आज तू तोंड उघडायचं न्हाय. कालच्यासारखा तमाशा न्हाय. सूनबायचं नाव तिथेच घातलंय, प्राचीला आठवा लागलाय. उद्या त्यांच्याच हातात तिला द्यायची हाय." मी हो म्हणाले.

डॉक्टर शस्त्रक्रियेत होता. त्याचा मदतनीस डॉक्टर, कोवळा पोरगा, त्याने कालचा कागद वाचला. "काल चारच होतं ना, मावशी? आता पट्टीमुळे जरा ठसठसणार. पट्टी कालच बांधलीय, उद्या बदलू. घाबरू नका."

मी श्वास घेतला होता, मंदा. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात तुझा डावा हात माझ्या मनगटावर पडला. तापाने चटका बसत होता. तू नुसतं "गो" म्हणालीस.

मी गप्प बसले. मी, जिच्या तोंडाला गाव वचकून असतं, मी आयुष्यात एकदाच गप्प बसले, आणि तो दिवस हा होता.

बुधवारी सकाळी तू नितेशला ओळखलं नाहीस. स्वतःच्या मुलाला विचारलंस, "कुणाचा रे तू?" तेव्हा मी पट्टी सोडली. खाली हात जांभळा होता, फोड आले होते, आणि वास होता. मासळी विकणाऱ्या बाईला तो वास कसला हे कुणी सांगावं लागत नाही. मी नितेशला फक्त म्हणाले, "गाडी काढ." पनवेलच्या डॉक्टरबाईंनी रात्रीच शस्त्रक्रिया केली, सडलेलं मांस काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. आधी आणायला हवं होतं का, असं मी त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक दिवस आधी आणलं असतं तर हात गेला असता. बाई राहिली असती." शुक्रवारी दुपारी तू गेलीस.

त्या वाक्याचा मी फार विचार करते. एका हाताची मंदा. मी तुला मोजे आणून दिले असते, एकच घातला असतास, आणि त्यावरूनही तू काहीतरी बोलून मला हसवलं असतंस.

दहाव्यानंतर मी तुझे कागद मागायला गेले. आवाज चढवला नाही. मला म्हणाले, रेकॉर्ड बाहेर देत नाहीत. घरी येऊन प्राचीला सांगितलं. ती मोबाइलमध्ये शोधून म्हणाली, "मोठीआय, असं नसतं. घरच्यांनी लेखी मागितलं की तीन दिवसांत प्रत द्यावी लागते." तिनेच अर्ज लिहिला, पोटावर वही ठेवून. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी "उद्या या" झालं, चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी प्रत मिळाली.

एकच पान. सोमवारखाली लिहिलंय, वेदना चार. हे खरं आहे. मंगळवारखाली, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलंय: रुग्णास दाखल होण्याचा सल्ला दिला, सोबतच्या नातेवाईक महिलेने खर्चामुळे नकार दिला.

मी ते तीनदा वाचलं. मग तिथल्याच बाकड्यावर बसले.

हे किती हुशारीने लिहिलंय बघ. माझ्याबद्दल लिहिलेलं हे गावात कुणालाही पटेल. मी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारी बाई. सोमवारी मी काउंटरवर आरडाओरडा केला तो पन्नास माणसांनी ऐकला, कशावरून केला ते कुणाच्या लक्षात नाही. शेजारची लीला परवा सांत्वनाला म्हणून बसली आणि उठताना म्हणाली, "जाऊ दे गो, तुला तरी काय ठाव एवढा होईल म्हून." म्हणजे तिने धरलंच, की मी नको म्हणाले. मी तिला तिथेच झाडली. पण एकीला झाडलं म्हणून गाव थोडंच ऐकणार.

आणि मग नितेश. गेल्या रविवारी तो माझ्यासमोर येऊन बसला. तो कागद त्याच्या हातात होता. मग खाली बघून म्हणाला, "मोठीआय, एक विचारू? रागावणार न्हाय ना? तू खरंच न्हाय म्हणाली होतीस?"

मंदा, तुझ्या मुलाला मी भात भरवलाय. त्याच्या शाळेच्या दाखल्यासाठी मी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात. मी त्याला "न्हाय" म्हणाले. त्याने मान हलवली. पण त्याच्या डोळ्यांत ते मिटलं नाही, मला दिसलं. माल बघून न घेता निघून जाणारं गिऱ्हाईक मी ओळखते. तेव्हापासून तो माझ्या हातचा चहा पितो आणि लगेच उठतो. या घरात तुझी उशी आहे, तुझे मोजे आहेत, आणि तुला मी मारलं असं वाटणारा तुझा मुलगा आहे. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. मी मरेपर्यंत तो मला काही बोलणार नाही, आणि मनातून ते काढणारही नाही.

मग गावातला एक पुढारी आला. दवाखान्याच्या वतीने नाही, असं तीनदा म्हणाला, म्हणजे त्यांच्याच वतीने. "झालं ते झालं. डॉक्टरचं नाव खराब करून काय मिळणार? ते वीस गावांना बघतात. मिटवून टाका. तुमचा आकडा बोला." आणि माझं तोंड उघडलं. खरं सांगते. सवयीने जीभ हलली, मनात आकडा आला, आणि त्याच्या खालचाही आला, जिथे मी मान्य केलं असतं. मला स्वतःचीच इतकी भीती कधी वाटली नव्हती. मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिले. बाहेर आले तर तो चहा संपवून बसला होता. मी त्याला दार दाखवलं. तुझ्या नावाचा भाव माझ्या तोंडून निघाला नाही, एवढंच म्हणू शकते. निघणार होता.

गुरुवारी प्राचीची तपासणी होती. तिच्या पायांवर सूज आहे. घोट्यावर मी बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. त्याच दवाखान्यात, त्याच बाकड्यावर. तोच कोवळा डॉक्टर. "या दिवसांत असतं असं. घाबरू नका."

"बीपी मोजा," मी म्हणाले.

"मागच्या वेळी मोजलंय, मावशी."

"आज मोजा. आमच्यासमोर मोजा आणि किती आलं ते आमच्यासमोर लिहा. नाहीतर मोजणार नाही असं लिहून द्या."

या वेळी मनगटावर कुणाचा हात नव्हता. मी वाट बघितली, मंदा, येतोय का म्हणून. त्याने मोजलं. परत मोजलं. मग आतून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. जास्त होतं. शुक्रवारी तिला पनवेलला नेलं, त्याच डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि बाळंतपण पनवेललाच करा म्हणाल्या. आता नवीन भीती. कळा सुरू झाल्या की दोन तासांचा रस्ता, आणि वाटेत वडखळला गाड्या अडकल्या तर किती, ते कुणी सांगू शकत नाही. मी मनातल्या मनात तो रस्ता रोज पार करते. कधी पोचते, कधी नाही.

लीला म्हणते, तक्रार केली आणि डॉक्टर निघून गेला तर पावसापाण्यात पोरांना कुठे न्यायचं? तिचंही चूक नाही. दवाखाना बंद पडावा असं मला वाटत नाही. त्यात बसणाऱ्या माणसाने पट्टी सोडून बघावं, एवढंच मला हवंय. विचारणाऱ्याला कागद द्यावा. विचारलं म्हणून पुढच्या वेळी त्याच्या सुनेला बाहेर ताटकळत ठेवू नये. ही भीती पोटात घेऊन आपण सगळी माणसं तिथे जातो, आणि म्हणून गप्प बसतो. तूही त्याच भीतीने माझं मनगट धरलंस. मला तुझा राग येत नाही. येतो. खरं म्हणजे खूप येतो. तू मला त्या दिवशी भांडू द्यायला हवं होतंस.

काल प्राचीने तक्रार लिहून पूर्ण केली. एक जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला, एक डॉक्टरांच्या परिषदेला, एक दवाखान्याला. मुलगा म्हणून खाली नितेशने सही करायला हवी. त्याने कागद वाचला, त्याची घडी केली आणि म्हणाला, "बघतो." लिहिता लिहिता प्राचीनेच मला विचारलं होतं, "मोठीआय, कुणी दाखल व्हायला नको म्हणालं तर दवाखानेवाले त्याची सही घेतात. तुझी घेतली होती का?" नितेश दारात उभा होता. त्याने मान वर केली.

मंदा, आता तुझ्याशी बोलणं थांबवते, कारण पुढचं तुझ्यासाठी नाही.

डॉक्टर, सोमवारी तुम्ही तो हात का उचलून बघितला नाही? मंगळवारी ताप आलेल्या, ओकणाऱ्या बाईची पट्टी सोडायला कुणाला किती वेळ लागला असता? दोन ओळींच्या मधली ती बारीक ओळ कुणाच्या हातची आहे, आणि ती मंदा जिवंत असताना लिहिली की गेल्यावर? तुम्ही म्हणता मी नकार दिला. नकार देणाऱ्याची सही तुम्ही घेता, तसा छापील फॉर्मच तुमच्या काउंटरवर असतो. मग माझी कुठे आहे? मला सही करता येते. मी उद्या नितेशला घेऊन येते. त्याच्यासमोर तो फॉर्म काढा आणि माझी सही दाखवा.